‘कडेनं जा’ म्हणायला कड तरी हवी

सांगली-तासगाव रस्त्यावरच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या मिस्टरांचा स्वतःचा टेम्पो आहे. हंगामात द्राक्षांचे क्रेट आणि बेदाण्याचे बॉक्स, एरवी मार्केट यार्डाचा मिळेल तो माल ते वाहतात. सतरा वर्षांची मुलगी बारावीला आहे आणि सांगलीच्या कॉलेजला सायकलनं ये-जा करते. गेल्या महिन्यात संध्याकाळी परत येताना समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. तेवढ्यात मागून आलेल्या भरलेल्या पिकअपनं तिला कट मारला. हँडलला धक्का लागला आणि ती साईडपट्टीवर पडली. गुडघा आणि कोपर सोललं, पुढचं चाक आऊट झालं. पिकअपवाला थांबला, पण उतरला नाही. “मधनं कशाला चालवतीस?” असं वर ओरडून निघून गेला. नंतर कळलं, की तो मिस्टरांच्याच स्टँडवरचा, रोजच्या उठबशीतला माणूस. मिस्टर त्याला काहीच बोलले नाहीत. उलट मुलीलाच म्हणाले, “तू कडेनं जायला पाहिजे होतंस.” मुलगी म्हणाली, “तुम्ही पण असंच चालवता.” तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद आहे. मिस्टरांनी सायकल माळ्यावर टाकायची ठरवलंय आणि सेकंडहँड स्कूटी बघून ठेवलीय. ताई विचारतात : दोघांपैकी कुणाची बाजू घेऊ? आणि सायकल बंद करावी का?

ताई,

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. त्या दिवशी चूक पिकअपवाल्याची होती. समोरून ट्रॅक्टर येत होता, रस्ता तिघांना पुरणारा नव्हता. अशा वेळी मागच्यानं ब्रेकवर पाय ठेवायचा आणि ट्रॅक्टर निघून जाईपर्यंत थांबायचं असतं. २०१७ साली आलेल्या वाहन चालवण्याच्या केंद्रीय नियमांतही ओव्हरटेक करताना इतरांपासून पुरेसं अंतर ठेवायला सांगितलंय. ते अंतर किती, हा आकडा आपल्याकडे दिलेला नाही. जर्मनीत तो कायद्यात लिहिलाय : सायकलस्वाराला ओलांडताना गावात किमान दीड मीटर, गावाबाहेर दोन मीटर. आपला रस्ता जर्मनीतला नाही हे मान्य, पण पडल्यावर लागतं तेवढंच.

मुलीची काहीच चूक नव्हती का, असं कुणी विचारेल. समजा ती हातभर आत चालवत होती. तरीसुद्धा मागच्याला ती दिसत होती. दिसत होती म्हणूनच तो थांबून तिच्यावर ओरडू शकला. समोरचं माणूस दिसत असताना त्याला घासून जाणं हा चालवणाऱ्याचा निर्णय असतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. कुणाची बाजू घ्यायची, हे विचारताना तुम्ही असं धरून चालला आहात की भांडण सायकलवरून आहे. मला तसं वाटत नाही. पत्रात तुम्ही लिहिलंय, की पडली त्या रात्री मुलगी रडली नाही. दुसऱ्या दिवशी पप्पांनी ‘कडेनं जायला पाहिजे होतंस’ म्हटलं, तेव्हा रडली. गुडघ्याचं दुखणं ती सोसून गेली. आपल्याला पाडणाऱ्या माणसाची बाजू आपल्याच बापानं घेतली, हे तिला सोसलं नाही. तो माणूस परका असता तर तुमचे मिस्टर त्याच्या दारात गेले असते, हे तिलाही ठाऊक आहे. म्हणून सायकलचा निर्णय काहीही होवो, त्याआधी तिच्या वडिलांनी तिला एकदा सांगायला हवं : “चूक त्याची होती. मला बोलायला जड गेलं, पण चूक त्याचीच होती.” एवढं झालं नाही आणि स्कूटी दारात आली, तर ती स्कूटी तिला लाच वाटेल.

मिस्टरांवरही अन्याय व्हायला नको. तुम्ही लिहिता, की ते ‘गाडीवाल्यांचीच तळी उचलतात’. मला त्यांच्या बोलण्यात भीती जास्त दिसते. तो रस्ता ते रोज पहाटे आणि रात्री तुडवतात. भरलेली गाडी ब्रेक दाबल्यावर लगेच थांबत नाही, समोरच्या अप्परनं डोळे दिपले की डाव्या बाजूची सायकल दिसतच नाही, लिलावाची वेळ गाठायची म्हणून डायवर काय काय करतात, हे सगळं त्यांनी आतून पाहिलंय. ताशी पन्नासच्या वेगात गाडी दर सेकंदाला साधारण १४ मीटर पुढं जाते. डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढं अंतर संपलेलं असतं. हे ज्याला माहीत आहे त्याला आपली पोर त्या रस्त्यावर नको वाटणं साहजिक आहे. ‘मला तुझी भीती वाटते’ हे वाक्य आपल्याकडच्या बापांच्या तोंडून सरळ निघत नाही. ते ‘तूच नीट चालवत नाहीस’ असं होऊन बाहेर पडतं.

पण त्यांना माहीत नसलेलंही काही आहे, आणि ते मुलीला माहीत आहे. ती कड.

टेम्पोच्या केबिनमधून डांबराची कड म्हणजे एक सरळ रेघ दिसते. सायकलच्या सीटवरून दिसतं ते असं : डांबर संपतं तिथं एकदम खाली उतरलेली साईडपट्टी, ठिकठिकाणी खचलेली. त्यावर वाळू आणि खडी. गळिताच्या दिवसांत ट्रॉलीतून पडलेलं उसाचं वाढं, पावसाळ्यात चिखल, मधेच बाभळीचे काटे. बारीक चाकाची सायकल त्या उतरणीवरून वर घ्यायला गेलं की पुढचं चाक घसरतं आणि माणूस रस्त्याच्या बाजूला, म्हणजे नेमका गाडीखाली पडतो. म्हणून शहाणा सायकलवाला कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत चालवतो. मागून बघणाऱ्याला ते ‘मधनं चालवणं’ वाटतं. अगदी कडेला चिकटून चालवलं तर आणखी एक होतं. मागच्याला वाटतं, जागा आहे, निघून जाईल. आणि तो दाबतो. हातभर आत असलं की त्याला निदान विचार करावा लागतो.

म्हणून माझी पहिली सूचना. येत्या सुट्टीच्या दिवशी टेम्पो अंगणात किंवा खळ्यात उभा करा. मिस्टर सीटवर बसू देत. मुलीनं सायकल हातात धरून टेम्पोच्या मागून डाव्या बाजूनं हळूहळू पुढं चालत यायचं. ती डाव्या आरशात दिसते तोवर त्यांनी ‘दिसतीयस’ म्हणायचं, दिसायची बंद झाली की ‘गेलीस’. ‘गेलीस’ म्हटलं तिथं, आणि पुढं पुन्हा काचेतून दिसली तिथं, जमिनीवर चुन्यानं किंवा विटेच्या तुकड्यानं खूण करायची. दोन खुणांमध्ये बऱ्यापैकी जागा सापडेल, जिथं पोटची पोर आरशात नाही आणि काचेतूनही नाही. मग मुलीनं सीटवर बसायचं आणि वडिलांनी सायकल धरून यायचं. या खेळात कुणाला माफी मागावी लागत नाही, कुणाला हरावं लागत नाही. नववीतल्या धाकट्याला खुणा करायला घ्या, तोही शिकेल. पुढच्या रविवारी जमलं तर मिस्टरांनी मुलीची सायकल घेऊन त्या रस्त्यावर दोन किलोमीटर जाऊन यावं. कडेविषयीचं त्यांचं मत तिथंच बदलेल, तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. मुलगी एवढ्यात तयार झाली नाही, तर चार दिवस थांबा आणि सुरुवात वडिलांपासून करा.

आता स्कूटीचं. इथं मी ठाम आहे : अठरा पूर्ण होईपर्यंत नको. सोळा ते अठरा वयात फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स मिळतं. बाजारात ज्याला आपण स्कूटी म्हणतो त्या बहुतेक सगळ्या १०० सीसीच्या वरच्या आहेत. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं १९९-अ हे कलम थेट पालकांना आणि गाडीमालकाला धरतं : तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लायसन्स नाही. ज्यांचं पोट लायसन्सवर आहे त्या घराला हे वेगळं समजावून सांगायला नको. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या पिकअपनं सायकलला कट मारला तो स्कूटीला मारणार नाही असं थोडंच आहे? फक्त ती पडेल तेव्हा तिचाही वेग तिप्पट असेल.

एसटीचा पर्याय तुमच्या पत्रात एका ओळीत उरकलाय, ‘गर्दी असते’ म्हणून. तो इतका सहज सोडू नका. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास फुकट मिळतो. कॉलेजच्या ऑफिसात चौकशी करा आणि पास काढून ठेवा. पास खिशात असला म्हणजे सायकल सोडली असा अर्थ होत नाही. प्रॅक्टिकलमुळे उशीर होणारे दिवस, जोराच्या पावसाचे दिवस, दिवाळीनंतर लवकर अंधार पडतो आणि कारखान्यांचे धुराडे पेटलेले असतात ते तीन-चार महिने : एवढ्या काळात एसटी, बाकी सायकल, असं ठरवता येईल. कुठल्या दिवशी काय, हे मात्र तिला ठरवू दे. गाडी चुकली तर स्टँडवर तासभर तिला थांबावं लागणार आहे, तुम्हाला नाही.

सायकल बंद करावी का, याचं माझं उत्तर : नको. पण पडली त्या दिवशी जशी चालवत होती तशीच पुढं चालवावी, असंही नाही.

आधी चाक. नुसतं आऊट काढून घेऊ नका, पुढची रिम आणि फोर्क वाकलाय का ते मेकॅनिककडून तपासून घ्या, दोन्ही ब्रेकचे रबर बदला. कॅरिअरच्या मागं लाल ब्लिंकर लाईट लावा, तो सायकलच्या दुकानात मिळतो आणि महाग नसतो. मडगार्डला आणि पेडलला चमकणारी रिफ्लेक्टर पट्टी. पेडलची पट्टी विशेष महत्त्वाची, कारण ती वर-खाली हलते आणि हलणारी चमक लांबून ‘सायकल’ म्हणून ओळखू येते. हेल्मेट घाला, मैत्रिणी हसल्या तरी. ओढणीची टोकं मागं गाठ मारून आत खोचायची, कॉलेजची सॅक हँडलला अडकवायची नाही. कानात हेडफोन नको, कारण मागून येणारी गाडी आधी ऐकू येते, मग दिसते.

चालवताना : हातभर आत, आणि सरळ. जागा दिसली की साईडपट्टीवर उतरायचं, मग पुन्हा वर यायचं, ही नागमोडी चाल सगळ्यात धोक्याची, कारण मागच्याला तिचा अंदाजच येत नाही. पुढं खड्डा दिसला तर आधी मान वळवून मागं बघायचं, उजवा हात दाखवायचा, मग वळायचं. मान वळवलेली दिसली की मागचा डायवर आपोआप सावध होतो, कारण त्याला कळतं की ही आता काहीतरी करणार. चौकात उजवीकडं जायचं असेल आणि गाड्या फार असतील, तर सरळ उतरून पायी ओलांडावं. त्यात कमीपणा काही नाही.

उसाच्या डबल ट्रॉलीबद्दल वेगळं सांगते, कारण तुमच्याकडं गळिताचा हंगाम कित्येक महिने चालतो. ट्रॅक्टर डावीकडं वळतो तेव्हा मागची ट्रॉली पुढच्याच्या चाकोरीतून जात नाही, आतल्या बाजूनं कापत येते. त्या आतल्या बाजूला, ट्रॉली आणि कड यांच्यामध्ये, सायकल कधीच असता कामा नये. ट्रॅक्टर हळू चाललाय म्हणून डावीकडून पुढं काढायचा मोह होतो. तो टाळायचा, मागं थांबायचं. ट्रॅक्टरवरच्या टेपचा आवाज एवढा मोठा असतो, की तिची घंटीही डायवरला ऐकू जाणार नाही. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायला पोरं लोंबकळतात, साखळीला धरून सायकल ओढून घेतात. तुमच्या धाकट्याला हे आजच बजावा. आणि अंधारात मागं लाल दिवा नसलेली ट्रॉली उभी असते, तिच्यावर जाऊन आदळणारे दुचाकीवाले दरवर्षी असतात. सायकलला पुढंही दिवा हवा तो यासाठी.

हे सगळं तुमच्या मुलीनं करायचं झालं. पण रस्त्यावर ज्याच्याकडं वजन जास्त त्याची जबाबदारी जास्त, आणि इथं तुमचे मिस्टर असं काही करू शकतात जे ना पोलीस करू शकतात, ना माझ्यासारखी लिहिणारी. ते स्टँडवर बोलू शकतात.

त्यांनी सहकाऱ्यांना एक हिशोब सांगावा. सायकलच्या मागं शंभर मीटर ताशी पंधराच्या वेगानं जावं लागलं तर २४ सेकंद लागतात. ताशी पन्नासनं तेच अंतर सात सेकंदांत संपतं. म्हणजे थांबल्यानं गेले सतरा सेकंद. तासगावपासून मार्केट यार्डापर्यंत असे पाच सायकलवाले भेटले तरी दीड मिनिटाच्या आतच काम. लिलाव तेवढ्यानं चुकत नाही. हॉर्नबद्दलही बोलावं. लांबून एकदा छोटा दिला तर तो निरोप असतो. अगदी कानाशी येऊन दाबून धरला, तर दचकून हँडल हलतं आणि सायकल नेमकी गाडीकडंच येते. पुढं काढल्या काढल्या लगेच डावीकडं गाडी घालायची नाही, आणि माल उतरवायला थांबल्यावर मागं बघितल्याशिवाय दार उघडायचं नाही. या गोष्टी त्यांना ठाऊक असतात, पण आपल्यातल्या कुणीतरी मोठ्यानं म्हटल्या की वजन येतं. कुपवाड एमआयडीसीत डबा कॅरिअरला लावून सायकलनं जाणारे कामगार, कॅन लावून येणारे दूधवाले, यांच्या वतीनं बोलणारं कुणी नसतं. टेम्पोवाल्यानं टेम्पोवाल्यांना सांगितलं तर त्यांचाही रस्ता थोडा मोकळा होईल.

राहिला तो पिकअपवाला. तुम्ही विचारता, तक्रार करावी का. गंभीर इजा झाली असती तर ‘आपलाच माणूस’ म्हणून दाबणं चूक ठरलं असतं. अपघातात कुणाला लागलं तर उपचाराची सोय करणं आणि पोलिसांना कळवणं ही कायद्यानंच चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. खरचटण्यावर निभावलं, म्हणून मी आधी बोलायला सांगेन. मात्र स्टँडवर चार जणांत नको, तिथं माणूस आपली बाजू धरून बसतो. मिस्टरांनी त्याच्या घरी जावं, त्याच्या बायकोसमोर बोलणं झालं तर आणखी बरं. वाद घालू नये. ‘ती माझी मुलगी होती, गुडघा अजून भरलेला नाही, चाकाचा खर्च एवढा आला’ एवढं सांगून गप्प बसावं. खर्च त्यानं दिला तर घ्यावा, मोठेपणा दाखवून नाकारू नये. आणि शक्य झालं तर त्यानं येऊन मुलीशी दोन शब्द बोलावेत. त्यानं उडवून लावलं, किंवा पुन्हा तेच केलं, तर मैत्रीचा विचार न करता लेखी तक्रार द्या. पुढं कधी अशी वेळ आली, तर गाडीचा नंबर, वेळ आणि जागा लगेच लिहून ठेवायची आणि ११२ ला फोन करायचा, हे मुलीला सांगून ठेवा. मोबाईलवर व्हिडिओ फिरवून कुणाची बदनामी करण्यापेक्षा हे जास्त उपयोगाचं आहे.

आणि ताई, शेवटचं काम तुमचं स्वतःचं. पत्रात तुम्ही स्वतःला फक्त मधली म्हणून पाहता, इकडचं तिकडं सांगणारी. पण ती साईडपट्टी खचलेली आहे हे या तिघांच्या भांडणामागचं मूळ कारण आहे, आणि त्यावर कुणीतरी अर्ज केला पाहिजे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरतेच आणि तिच्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते. त्या सभेला जा. गावातून सांगलीला सायकलनं जाणाऱ्या आणखी मुली असतील, त्यांच्या आयांना बरोबर घ्या. मागण्या तीनच ठेवा : गावाच्या हद्दीतली साईडपट्टी मुरुम टाकून डांबराच्या पातळीला आणणं, कडेचा पांढरा पट्टा, आणि फाट्यावर दिवा. ठराव करून घ्या, सोबत खचलेल्या कडेचे फोटो जोडा, फोटोत मापाची टेप धरा म्हणजे किती इंच खचलीय ते दिसेल. रस्ता कुठल्या खात्याकडं आहे ते ग्रामसेवकांना विचारून त्या कार्यालयाला ठरावाची प्रत द्या आणि पोचेचा शिक्का मारून घ्या. एक प्रत कॉलेजच्या प्राचार्यांनाही द्या, त्यांचं पत्र जोडलं गेलं तर कागद हलायला मदत होते. महिनाभरात काही झालं नाही, तर तोच शिक्क्याचा कागद घेऊन पुन्हा जा, आणि या खेपेला मुलीला बरोबर न्या.